हातातल्या चपला

बिस्किटांचे दोन पुडे नाताळापासून आमच्या फडताळात पडून आहेत. कुणी ते फोडत नाही, टाकूनही देत नाही. नाचणीच्या पिठाचा डबा काढताना हात लागला की कागद चुरचुरतो आणि मला ती संध्याकाळ आठवते. आता मे संपत आला. अंगणात रातांब्याची सालं वाळत पडली आहेत, आमसुलांच्या आंबट वासानं पडवी भरली आहे, आणि आज सकाळी पुन्हा तो कागद चुरचुरला.

नाताळच्या आठवड्यात आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर गाड्यांची रीघ लागते. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघून माणसं आंजर्ल्याकडे सरकतात आणि सुरूच्या झाडांतून पुळण दिसली की गाडी थांबवतात. त्या रविवारी ओहोटी लांबवर गेली होती. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, दूर सुवर्णदुर्गाची काळी रेघ दिसत होती आणि माझी धाकटी तिच्या मैत्रिणीबरोबर पाण्याच्या काठाकाठानं शिंपले वेचत होती. दोघी सात वर्षांच्या. धाकटीच्या अंगात दादाचा जुना विटलेला शर्ट, केसांच्या मिठानं चिकटून झालेल्या दोऱ्या, गुडघ्यावर वाळकी खपली. मैत्रिणीच्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, आणि चपला हातात. ती पुळणीवर उतरली की चपला काढून हातात घेते. खाऱ्या पाण्यानं पट्टा सुटतो, असं तिच्या आईनं बजावून ठेवलं आहे. लांबून बघणाऱ्याला मात्र दोघी अनवाणीच दिसणार.

एक बाई गाडीतून उतरून त्यांच्याजवळ गेल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मला आधी लिहून टाकायचं आहे. कपड्यांची पर्वा न करता त्या ओल्या वाळूत उकिडव्या बसल्या, मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या, नावं विचारली, शिंपले हातात घेऊन पाहिले. मग पिशवीतून दोन पुडे काढून दोघींना एकेक दिला आणि विचारलं, "शाळेत जाता ना?" मैत्रीण म्हणाली, "मी दुसरीत आहे." धाकटी म्हणाली, "मी नाही जात." खरं तेच सांगितलं तिनं. तोवर मी सुरूच्या बनातून खाली आले होते. न्हाणीच्या चुलीसाठी गोळा केलेल्या काटक्या माझ्या कवेत होत्या, अंगावर घरातला जुना झगा. बाई उठून माझ्याकडे वळल्या आणि समोरच्याला समजावं म्हणून मुद्दाम सावकाश आणि जरा मोठ्यानं बोलतात तशा बोलल्या, "हिला शाळेत घाला हो ताई. आता पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, सगळं मिळतं. मुलीचं नुकसान नका करू."

मी इंग्रजीत उत्तर दिलं.

एका दमात दिलं. ती घरी शिकते, हा आम्ही विचार करून घेतलेला निर्णय आहे, तिचे बाबा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात, माझं स्वतःचं शिक्षण अमुक एवढं झालं आहे. माझी पदवी त्यांनी विचारली नव्हती. पण ते वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा अंगावरचा झगा आणि कवेतल्या काटक्या झाकल्या गेल्यासारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं. बाईंचा चेहरा पालटला. त्याही इंग्रजीत बोलू लागल्या. किती धाडस, आम्हाला नाही जमणार, मुलांनी असंच वाढायला हवं, मातीत, अनवाणी. मघाशी ज्या पायांकडे पाहून त्यांचा जीव कळवळला होता, त्याच पायांकडे त्या आता कौतुकानं बघत होत्या. मग हसत हसत धाकटीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मग तुझा पुडापण मैत्रिणीलाच देऊन टाक हं. तुला कशाला!" धाकटीनं लगेच दिला. तिला काहीच वाटलं नाही. मैत्रीण एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात दोन पुडे घेऊन उभी राहिली. शिंपले कुठं धरावेत हे तिला समजेना. एकेक करून ते तिच्या बोटांतून गळले.

मी काही बोलले नाही.

दिवेलागणीला तिची आई आमच्या खळ्यात आली. तिचा नवरा हर्णैच्या एका बोटीवर खलाशी आहे. ती स्वतः हंगामात बंदरावर कोळंबी निवडायला जाते, एरवी आगरात मजुरीला. ती मला वयनी म्हणते, मी तिला ताई. सात वर्षांत आमच्यात मिठापासून पाळीच्या दुखण्यापर्यंत सगळ्याची देवघेव झाली आहे. त्या संध्याकाळी मात्र ती पायरीखालीच थांबली. दोन्ही पुडे ओटीच्या कडेला ठेवले. मी त्या बाईंबद्दल बोलायला लागले, माणसं कशी विचार न करता वागतात वगैरे, तर तिनं मला मध्येच थांबवलं. "त्या बायचं काय, ती आली नि गेली. तुमी होतात ना तिथं, वयनी? माझी पोर काय मागायला गेलेली?" आणि ती गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पाखाडी उतरताना तिच्या चपलांचा आवाज मला बराच वेळ येत राहिला.

आम्ही इथं आलो तेव्हा धाकटी कडेवर होती आणि थोरला चार वर्षांचा. पुण्यातली सदनिका भाड्यानं दिली आणि खाडीच्या अलीकडे हे चिऱ्याचं जुनं घर घेतलं. मुलांना घंटेच्या आणि स्पर्धेच्या बाहेर ठेवायचं, हा आमचा विचार होता. त्यावर माझा आजही विश्वास आहे. थोरला भरती-ओहोटीच्या वेळा पंचांगातल्या तिथीवरून काढतो, तराजूनं सुपारी जोखता जोखता अपूर्णांक शिकला, अंधारात घुबडाची जात आवाजावरून सांगतो. पुढं चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तो दहावी देईल. हे सगळं मी पाहुण्यांना अनेकदा सांगितलं आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात. पण ते सांगताना त्यामागचं एक वाक्य माझ्याकडून नेहमी राहून जात आलं. पुण्याहून दर महिन्याला पगार जमा होतो, भाडं जमा होतं, आणि मुलांनी उद्या सगळं सोडून शहरात जायचं म्हटलं तर आजीच्या घरी त्यांची खोली तयार आहे.

घराच्या जमिनीची गोष्ट मला कुणाला तरी सांगायची होतीच. आधीच्या मालकांनी माजघरात फरशी बसवली होती, गुळगुळीत, हिरवट ठिपक्यांची. आम्ही ती उखडून काढली आणि जमीन चोपून शेणानं सारवून घेतली. उन्हाळ्यात पायाला गार लागते, तिला वास असतो, आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्या जमिनीचा फोटो काढतो. त्याच वर्षी शेजारच्या ताईच्या घरात, मुंबईच्या दिरानं गणपतीला आणलेल्या पैशातून, फरशी बसली. तिची सासू, आम्ही सगळे तिला आजीच म्हणतो, आमचं माजघर बघायला आली होती. भिंतीला हात टेकून ती बराच वेळ उभी राहिली. मग आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "पन्नास वर्सं शेण काढला, सारवला. आता कुठं हात सुकलं." बाकी काही बोलली नाही. मला तेव्हा वाटलं होतं की तिला आमची जमीन आवडली आणि जुने दिवस आठवले.

गावानं आमच्याबद्दल काय ठरवलं होतं, ते मला तुकड्यातुकड्यानं समजलं. पैसेवाली आहेत पण तसं दाखवत नाहीत, ही पहिली समजूत. कसलं तरी कर्ज करून पळून आलेत, ही दुसरी. तिसरी सर्वांत टिकाऊ, मुलांची आबाळ करतात. धाकटीच्या डोक्यात उवा झाल्या, तेव्हा मी रसायनं नकोत म्हणून कडुनिंबाचा पाला वाटून लावत होते आणि महिना झाला तरी त्या जात नव्हत्या. आजीनं तिला भर दुपारी समोर बसवून फणी फिरवली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आय असून पोरकी." त्या रात्री मी रडले. मला राग आला होता, आणि रागाच्या तळाशी एक शंका होती की म्हातारीचं खरं तर नाही? ज्या घरात तेलाची बाटली पुरवून पुरवून वापरतात, त्या घरातल्या मुलीच्या भांगात रोज तेल असतं. गणवेशाचा पांढरा सदरा निळीत बुडवून, तांब्यात निखारे भरून इस्त्री केलेला असतो. तिची आई पहाटे बंदरावर जाते आणि तरी त्या वेण्या घालूनच जाते. मला अनेक वर्षं वाटायचं की हा लोक काय म्हणतील याचा धाक आहे. तो धाक आहेच. पण तो कुठून येतो हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. विस्कटलेल्या केसांनी तिची मुलगी कुठंही गेली तर तिला कुणी मोकळं वाढवलेलं मूल म्हणणार नाही. डॉक्टरकडे, बँकेत, दापोलीच्या दुकानात तिच्याशी कोण कसं बोलणार, हे त्या वेण्यांवर ठरतं. माझी मुलगी विस्कटलेली राहू शकते, कारण वेळ आलीच तर तिची आई इंग्रजीत एक वाक्य बोलू शकते.

उलट बाजूनंही आम्ही तोलले गेलो आहोत. पुण्यात बहिणीच्या इमारतीत थोरला एकटाच खाली खेळायला उतरला आणि परत येताना लिफ्टपाशी त्याला अडवलं गेलं. कामवाल्यांची लिफ्ट मागच्या बाजूला आहे, असं सांगितलं त्याला. रापलेलं अंग, पायात रबरी चपला. तो बिचारा मागच्या लिफ्टनं वर आला आणि सहज सांगू लागला की तिकडची लिफ्ट मोठी आहे. माझे वडील संतापले, खाली जाऊन चार शब्द सुनावून आले. "आमचा नातू आहे तो!" तेव्हा मला वडिलांचा अभिमान वाटला. आता ते वाक्य आठवलं की मी अडखळते. तो कुणाचा तरी नातू असल्यामुळे चूक झाली, असंच आम्ही सगळ्यांनी मानलं. मागच्या लिफ्टबद्दल आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही.

नवरा पाहुण्यांना नेहमी महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगतो. हर्णैच्या दक्षिणेला मुरूड, तिथं धोंडो केशव वाढले. 1875 मध्ये एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी मुलांबरोबर कुंभार्ली घाट चढून ते पायी साताऱ्याला गेले, आणि तिथं पोचल्यावर दिसायला फार लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सतरा वर्षांच्या पोराला एवढी पायपीट करू देणाऱ्या आईवडिलांना आज काय म्हणतील, असं विचारून नवरा थांबतो. मग 1893 चा पुनर्विवाह, विधवेशी लग्न केलं म्हणून गावानं घातलेला बहिष्कार. आणि शेवटी तो म्हणतो की या मातीत वेगळं वागणाऱ्यांची परंपराच आहे. मीही मान डोलवत आले. पण त्या नाताळनंतर ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष कर्व्यांच्या आईकडे जातं. मुलाला घरात ठेवलं तर तिलाही वाळीत टाकू, असा गावाचा धाक होता. मुलगा लांबून भेटायला यायचा आणि त्याला आपल्याच घरात घेण्याची तिला चोरी. वेगळेपणाची किंमत त्या घरानं भरली. आमच्या वेगळेपणाची आम्ही काय भरली? आम्हाला टाळ्या मिळाल्या, पाहुणे मिळाले, नवऱ्याला दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं. एका रांगेत उभं राहण्याचा हक्क आम्हाला कुठून मिळाला, मला सांगता येत नाही.

किंमत दुसरंच कुणीतरी भरत होतं, हे शाळेतल्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, पण माझ्या कानात ते शिरलं नव्हतं. शाळाबाह्य मुलांची नोंद करायला त्या आमच्याकडे आल्या होत्या. भर उन्हात, डोक्यावर पदर, काखेत फाइल. शिक्षणाच्या हक्काचा कायदा, सहा ते चौदा वयोगट, हे सगळं त्या मला समजावून सांगत होत्या आणि मी त्यांना माझी बाजू. दोघी फार सभ्यपणे बोललो. त्यांनी पाणी प्यायलं, कारणाच्या रकान्यात पेन अडवून थोडा विचार केला आणि "पालकांची इच्छा" असं लिहिलं. उठताना म्हणाल्या, "ताई, आमचा पट नऊ आहे. तुमची दोन आली असती तर अकरा झाली असती." मला वाटलं होतं, आकड्यांची नोकरशाही. पुढं 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं काढलं आणि गावात धास्ती पसरली. आमची शाळा गेली तर पुढची शाळा डोंगराच्या वळणापलीकडे. पावसात तिथं मुलीला कोण सोडणार, वडापचे पैसे कुठून आणणार, असं ताई मला विहिरीवर विचारत होती. मी समूह शाळा कशा चुकीच्या आहेत, हे तिला पटवून देत होते. तिच्या मुलीच्या शाळेतून दोन आकडे मीच वजा केले होते, आणि ती मला तसं म्हणाली नाही.

वस्तीच्या टोकाला, वहाळाच्या पलीकडे, कातकऱ्यांची चार-पाच खोपटी आहेत. दिवाळी झाली की ती कुटुंबं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं बरोबर जातात. अर्धं वर्ष शाळेबाहेर, मातीत, अनवाणी, आईबापांच्या कामाशेजारी शिकत. माझ्या पाहुण्यांना मी जे जे वर्णन करून सांगते, ते सगळं त्या मुलांच्या वाट्याला आलेलं आहे. पण त्यांच्या रकान्यात "पालकांची इच्छा" असं कुणी लिहीत नाही. त्यांना पाहून ताईसुद्धा नाक मुरडते, "त्यांना काय, त्यांची पोरं कशीपण वाढतात." मला ते ऐकून वाईट वाटलं होतं. मग आठवलं की ताईच्या मुलीच्या हातात मोबाइल आणि तिखटमिठाचं चकचकीत पाकीट बघून मीही घरी येऊन नवऱ्याला म्हटलं होतं, "काय पण सवयी लावतात." पाच रुपयांचं ते पाकीट ही आई बंदरावरून परत येताना मुलीसाठी आणते. दुसरं काय आणणार? प्रत्येकीला आपल्यापेक्षा वाईट आई कुठंतरी दिसावी लागते की काय, असं त्या रात्री फार वाटत राहिलं.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं. त्या दुपारचा आवाज मी विसरणार नाही. समुद्राचा नव्हे, झाडांचा. पोफळी मधोमध मोडत होत्या, एकामागून एक, आणि माड मुळं वर करून आडवे होत होते. ताईच्या घरावरचे पत्रे उडाले. आमचं छप्पर तगलं, म्हणून त्यांची सहा माणसं आणि आमची चार त्या सारवलेल्या माजघरात रात्रभर बसून होतो. दोन्ही धाकट्या, दोन-दोन वर्षांच्या, एकाच गोधडीत झोपल्या. आजी जप करत होती. पहाटे दार उघडलं तर आगर नव्हतंच, नुसतं आभाळ. तीन पिढ्यांची पोफळ एका दुपारी गेली होती. वीज नाही, फोन नाही, विहिरीत पाला. आठव्या दिवशी माझ्या वडिलांनी टाळेबंदीतला पास काढून गाडी पाठवली आणि आम्ही मुलांना घेऊन पुण्याला गेलो. ताई कडेवर मुलगी घेऊन गाडीपाशी आली होती. "बरा केलात. पोरांना न्या," म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणाली. अडीच महिन्यांनी, वीज नीट आल्यावर, आम्ही परतलो. तोवर तिनं आमची तुळस जगवली होती.

पुण्यात ज्यांना ज्यांना आम्ही भेटलो, त्यांनी आमच्या धैर्याचं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

त्या पुड्यांच्या दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करून गेले होते. ती फरशीवर बसून सुकी मांदेली निवडत होती. मी बसले, हात घातला, निवडू लागले. बराच वेळ आम्ही निवडत राहिलो. मग मी म्हटलं, "माझं चुकलं ताई. मी तिथं होते." ती म्हणाली, "डोकी वेगळी काढा, मांजराला होतील." तेवढंच. निघताना तिनं कागदात मूठभर मांदेली बांधून दिली. तिनं माफ केलं की विषय मिटवला, मला आजही ठाऊक नाही. ती पूर्वीसारखी येते, बसते, चहा घेते. पण बंदरावरचं, घरातलं, पैशाचं सांगताना पूर्वी जिथं थांबत नव्हती तिथं आता कधीकधी थांबते. मुली मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा पुळणीवर होत्या. त्यांच्यात काय बोलणं झालं, झालं की नाही, धाकटी सांगत नाही. एकदाच तिनं मला विचारलं होतं, "आई, त्या काकूंनी माझा पुडा तिला का द्यायला लावला?" मी म्हटलं, त्यांना वाटलं आपल्याकडे आहे. "पण त्यांच्याकडेपण आहे की," ती म्हणाली, "त्यांच्या डब्यात मोठा पुडा असतो."

पुडे टाकावेत असं मला वाटत नाही. खाणं टाकणं हे माझ्या हातून होत नाही, आणि या पुड्यांच्या बाबतीत तर ते पुरावा नाहीसा केल्यासारखं होईल. मुलांना उघडून द्यावेत तर घशाखाली उतरायचे नाहीत, माझ्या तरी.

गेल्या आठवड्यात धाकटीनं दोन गोष्टी सांगितल्या. जूनमध्ये शाळा उघडली की मी जाणार, ही पहिली. यावर नवरा आणि मी रोज रात्री बोलतो आहोत. त्याला वाटतं, मैत्रीण जाते म्हणून तिचा हट्ट आहे, ओसरेल. मला वाटतं, मैत्रीण जाते हे शाळेत जाण्याचं काही लहान कारण नव्हे. पण मग थोरल्याबद्दल इतकी वर्षं जे बोललो त्याचं काय करायचं, आणि एका मुलीच्या जाण्यानं नऊचे दहा झाले तर त्यानं माझं ओझं उतरेल म्हणून तर मी हो म्हणत नाही ना, हे माझं मला उलगडत नाही. शाळेतल्या बाईंना अजून काही कळवलेलं नाही.

दुसरी गोष्ट, तिला चपला हव्या होत्या. तशाच, मैत्रिणीच्या आहेत तशा, गुलाबी पट्ट्याच्या. सात वर्षं ती अनवाणी हिंडली आहे, तिचे तळवे आजीच्या तळव्यांसारखे टणक झाले आहेत, आणि त्या तळव्यांचं कौतुक मी किती जणांपाशी केलं असेल. शनिवारी दापोलीच्या बाजारातून चपला आणल्या. दुकानदारानं माप घ्यायला तिचा पाय हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते वाटलं असेल. मी या वेळी काही बोलले नाही, मराठीतही नाही.

संध्याकाळी मी सुरूच्या बनात काटक्या गोळा करत होते. पुळणीवर एक-दोन गाड्या होत्या, मे संपत आला की गर्दी ओसरते. दोघी पाखाडी उतरून धावत आल्या. वाळू सुरू झाली तिथं मैत्रीण थांबली, वाकली, चपला काढून हातात घेतल्या. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग तीही वाकली. पट्टा काढायची सवय नव्हती, तर मैत्रिणीनं तिला काढून दाखवला. मग दोघी चपला हातात धरून, अनवाणी, पाण्याच्या दिशेनं चालू लागल्या. लांबून बघताना कुठली माझी ते मला क्षणभर ओळखता आलं नाही. मग केसांवरून ओळखलं.